मर्यादित पुरवठ्याचे आश्वासन आणि प्रत्यक्षातला कोड

ज्या क्रिप्टो टोकनमध्ये (इंटरनेटवरच्या आभासी नाण्यात) माझे पैसे बुडाले, त्याची सगळी जाहिरात एकाच मुद्द्यावर उभी होती: एकूण पुरवठा एक कोटी, त्यापुढे एकही टोकन निघणार नाही, त्यामुळे भाव चढतच राहणार. टेलिग्रामवरच्या गटात 'आता थोडीच शिल्लक आहेत' असे संदेश सतत येत आणि शंका विचारणाऱ्याला बिटकॉइनचा दाखला दिला जाई. सर्वांत मोठी दिशाभूल त्या दाखल्यातच होती.

बिटकॉइनची 2 कोटी 10 लाखांची मर्यादा कोणा संस्थापकाच्या शब्दावर टिकलेली नाही. दर 2,10,000 ब्लॉकनंतर (ब्लॉक म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा), म्हणजे साधारण चार वर्षांनी, ते ब्लॉक तयार करणाऱ्या मायनरना मिळणारी नवी नाणी निम्मी होतात; 2009 मध्ये प्रत्येक ब्लॉकमागे 50 मिळत, एप्रिल 2024 पासून 3.125 मिळतात. हा नियम जगभरातले नोड, म्हणजे या जाळ्यातले संगणक, स्वतंत्रपणे तपासतात आणि कोणी जास्तीची नाणी काढू पाहिली, तर त्याचा ब्लॉकच नाकारतात.

आमच्या टोकनची मर्यादा मात्र केवळ माहितीपत्रकात छापलेली होती. ब्लॉक एक्सप्लोररवर (सर्व व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे टोकन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोड उघडला, तेव्हा त्यात 'मिंट' हे नवी टोकन काढणारे फंक्शन दिसले आणि ते चालवण्याचा अधिकार 'ओनर' म्हणून नोंदलेल्या एकाच पत्त्याकडे, म्हणजे खात्याकडे, होता. किती टोकन काढावीत याला कोडमध्ये कसलेही बंधन नव्हते. त्याच पत्त्यावरून नवी टोकन काढली गेली, लिक्विडिटी पूलमध्ये (टोकनची अदलाबदल जिथून होते त्या सामाईक साठ्यात) विकली गेली आणि त्या बदल्यात पूलमधले इथर हे क्रिप्टो चलन उचलले गेले. आमच्या वॉलेटमधला टोकनचा आकडा जसाच्या तसा राहिला, पण ते विकून काही मिळेल असे पूलमध्ये उरलेच नव्हते.

त्याआधीची टंचाईही बनावट होती. धारकांच्या यादीत वरच्या मोजक्या वॉलेटांकडेच बहुतेक पुरवठा होता आणि मागचे व्यवहार पाहिल्यावर त्या सर्वांना पैसे एकाच पत्त्यावरून आल्याचे दिसले. बाजारात फिरणारी टोकन इतकी कमी असली की किरकोळ खरेदीनेही भाव उसळतो, आणि तो भाव संपूर्ण पुरवठ्याला गुणून जे प्रचंड बाजारमूल्य दाखवले जाते, तेवढा पैसा त्यात कधीच आलेला नसतो. शिवाय मागणीच नसेल तर नुसत्या टंचाईला किंमत येत नाही. डोजकॉइनला पुरवठ्याची कमाल मर्यादा नाही, त्यात दरवर्षी सुमारे 500 कोटी नव्या नाण्यांची भर पडते, तरीही त्याला घेणारे आहेत.

म्हणून कोणी दुर्मिळतेच्या नावाखाली घाई करू लागला, तर आधी मिंटचा अधिकार कोणाकडे आहे, लिक्विडिटी, म्हणजे पूलमधला साठा, काढता येऊ नये म्हणून किती काळासाठी लॉक केली आहे आणि संस्थापकांच्या वाट्याची टोकन विक्रीसाठी कधी खुली होणार आहेत, हे स्वतः पाहावे. कॉन्ट्रॅक्ट प्रॉक्सीमागे असेल, म्हणजे मागचा कोड बदलू देणाऱ्या मध्यस्थ कॉन्ट्रॅक्टमधून चालत असेल, तर आज कोडमध्ये दिसणारी मर्यादासुद्धा उद्या बदलता येते. तो कोड बदलण्याची किल्ली कोणाकडे आहे, हे कळल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत.