गुंठेवारीचे प्रस्ताव करून देणारे कार्यालय, पाथर्डी फाटा
सातपूर-अंबडच्या कारखान्यांमागोमाग नाशिकच्या कडेची शेते गुंठ्यागुंठ्याने विकली गेली; शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्यास मनाई करणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा असूनही सातबाऱ्यावर सामाईक नावे चढत राहिली आणि मंजूर रेखांकनाविना घरे उभी राहिली; हीच गुंठेवारी. अशा घरांच्या नियमितीकरणाचे प्रस्ताव तयार करणाऱ्या या लहानशा कार्यालयाचे काम जाणकारीचे आहे. अशी घरे नियमित करण्यासाठीच्या २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाची कक्षा २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढली, हे ते पहिल्याच भेटीत समजावून सांगतात आणि त्या तारखेपूर्वीचा पुरावा, म्हणजे वीजबिल किंवा घरपट्टीची पावती, नसेल तर पैसे न घेता परत पाठवतात, जे या धंद्यात दुर्मीळच म्हणायचे. मोजणी नेटकी होते. कोणी ओटा पुढे ढकलून रस्ता अरुंद केला असेल, तर तेही नकाशात लपवले जात नाही. मात्र प्रशमन शुल्क (नियमबाह्य बांधकाम नियमित करून घेण्याची रक्कम) आणि विकास आकार (सोयीसुविधांसाठीची रक्कम) यांचा अंदाज तोंडीच सांगितला जातो, तो लेखी मिळायला हवा. बसायला जागा अपुरी आहे. सरकारी जागेवरील अतिक्रमण या कायद्यात बसत नाही, एवढे दारावरच्या फलकावर लिहिले असते, तर अनेकांची खेप वाचली असती.