कोरडा ऑक्सिजन, पाण्याची बाटली की तापवलेला ओलावा?

घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे यंत्र) आणला की त्याच्याबरोबर ऑक्सिजनला ओलावा देणारी एक पारदर्शक बाटली (ह्युमिडिफायर) येते आणि तीत पाणी भरले नाही तर रुग्णाला अपाय होईल, अशी धास्ती घरच्यांना वाटते. वस्तुतः नाकातल्या नळीने मिनिटाला ४ लिटरपर्यंत ऑक्सिजन घेणाऱ्या बहुतेकांना या बाटलीची गरज नसते. प्रत्येक श्वासात खोलीतली हवाही मिसळते आणि उरलेला ओलावा नाक पुरवते. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी या श्वसनविकारतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर संसर्गाचा धोका आणि लाभाचा अपुरा पुरावा दाखवून बाटली वापरूच नये, असे म्हटले आहे.

बाटलीची खरी मर्यादा तिच्या थंड पाण्यात आहे. २५ अंशांना एक लिटर वायूत जास्तीत जास्त २३ मिलिग्रॅम बाष्प मावते, तर ३७ अंशांना, म्हणजे फुफ्फुसात, ४४ लागते. ही तूट तापवणारे यंत्रच भरून काढते. म्हणूनच मिनिटाला ६० लिटरपर्यंत प्रवाह देणारी हाय-फ्लो पद्धत त्याच्याशिवाय चालवत नाहीत; मात्र तिला वीज, निर्जंतुक पाणी आणि सतत देखरेख लागत असल्याने ती मुख्यतः रुग्णालयाची सोय आहे.

गळ्याला छिद्र केलेल्या (ट्रॅकिओस्टॉमीच्या) रुग्णाचा हिशेब वेगळा. तिथे नाकच वगळले जाते, त्यामुळे ओलावा अनिवार्य ठरतो. हिंडत्याफिरत्या रुग्णाला उच्छ्वासातलीच वाफ धरून ठेवणारे ‘कृत्रिम नाक’ सोयीचे. पण कफ घट्ट किंवा रक्तमिश्रित असेल तर ते तुंबू शकते, तेव्हा तापवलेला ओलावाच बरा.

घरच्या रुग्णाचे नाक कोरडे पडत असेल, तर मी आधी सलाइनचे थेंब किंवा पाण्यावर आधारित जेल सुचवेन (व्हॅसलिन नव्हे, ते तेलकट असते आणि ऑक्सिजनजवळ पेट घेऊ शकते), बाटली त्यानंतर. बाटली लावलीच, तर निर्जंतुक किंवा उकळून गार केलेले पाणी दोन खुणांच्या मध्ये भरावे. बॅटरीसाठी विकले जाणारे डिस्टिल्ड पाणी क्षारमुक्त असले, तरी निर्जंतुक असेलच असे नाही. उरलेल्या पाण्यात भर न घालता रोज सगळे ओतून बाटली धुवावी. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) फैलावला, तेव्हा ह्युमिडिफायरमध्ये स्वच्छ, निर्जंतुक पाणीच वापरण्याची सूचना केंद्राने दिली होती, ती उगाच नव्हे.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: झाकण तिरके बसले, तर बाटलीत बुडबुडे दिसतात, पण नाकापर्यंत ऑक्सिजन पुरेसा पोहोचत नाही. नळीची टोके पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवून पाहावीत. तिथे बुडबुडे आले नाहीत, तर झाकण काढून पुन्हा सरळ बसवावे.