माती तपासावी की पान? माळव्याच्या काळ्या जमिनीपुरता हिशेब

राहायला इंदुरात टिळकनगर-रामबागेत, आणि शेत बटाईने दिलेलं सांवेर, देपालपूर नाहीतर आगर-शाजापूरकडे. असं ज्यांचं आहे आणि सोयाबीन-गव्हाच्या जोडीला ज्यांनी संत्र्याची बाग उभी केली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. खताच्या गोणी आणण्याआधी नमुना कशाचा द्यायचा, मातीचा की पानांचा?

माझं मत आधीच सांगतो. सोयाबीनसाठी माती. बागेसाठी पान, पण मातीचा अहवाल एकदा हातात आल्यावरच.

मातीचा अहवाल म्हणजे कोठारात काय पडलंय त्याची यादी, आणि पानाचा अहवाल म्हणजे ताटात काय आलं ते. मृदा आरोग्य पत्रिका 2015 साली सुरू झाली, तिच्यावर बारा गोष्टी येतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश (एन-पी-के), गंधक, आणि जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन ही सूक्ष्म द्रव्यं. जस्त 0.6 पीपीएमच्या (दहा लाखांत 0.6 भागाच्या) खाली किंवा लोह 4.5 पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा 7.5 ते 8.5, पालाश सहसा भरपूर, नत्र आणि जस्ताची ओढ. मे महिन्यात रान मोकळं असताना नमुना काढला की पेरणीपर्यंत उत्तर मिळतं, आणि ते दोन-तीन वर्षं चालतं. सेंद्रिय कर्ब कमी आहे हे तर फक्त मातीच सांगेल. त्यावरचा इलाज आपल्याच गावचा आहे, अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1920 च्या दशकात इथे बसवलेली कंपोस्टची पद्धत जगभर इंदूरच्याच नावाने ओळखली जाते.

सोयाबीनचं पान तपासायचं तर फुलोरा सुरू होताना वरचं पूर्ण उघडलेलं त्रिदल घ्यावं लागतं. अहवाल येईपर्यंत शेंगा धरलेल्या असतात. त्या हंगामात त्या कागदाचं करणार काय? शिकायला ठीक, खर्चायला नाही.

बागेत मात्र पानाचं पारडं जड होतं, कारण झाडाची मुळं कुठपर्यंत गेलीत आणि तिथून काय उचलतायत हे वरच्या थरातली माती सांगू शकत नाही. पण पानातला आकडा हवेपाण्यासोबत हलतो, आणि लोक फसतात ते इथेच. पाऊस ताणला, जमिनीला भेगा पडल्या, की पालाश पानात घसरतो. मातीत तो असतो, पण मुळापर्यंत पोचतो तो मातीतल्या ओलीतून, आणि ओलच तुटलेली असते. अशा वेळी कोणी म्युरेटची, म्हणजे पालाश खताची, गोणी सुचवली तर हसून पाणी द्या. फळांचा भार जास्त असला तरी पालाश पानातून फळात जातो आणि आकडा खाली दिसतो.

उलट टोक झडीचं. आठवडाभर पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, सोयाबीनच्या गाठींचं काम थंडावतं, आणि चुनखडीच्या ओल्या मातीत लोह झाडाला लागू पडत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. वाफसा आला, म्हणजे जादा पाणी ओसरून मातीत हवा खेळू लागली, की पुष्कळदा आपोआप सुधारतात.

लोहाच्या बाबतीत तर पान परीक्षण चक्क चकवतं. पिवळ्या पानात एकूण लोह हिरव्या पानाइतकंच, कधी जास्तही निघतं. ते पानात असतं पण झाडाच्या कामी येत नाही. त्यात रस्त्याकडेची धूळ पानावर बसलेली असेल तर आकडा आणखी फुगतो. म्हणून लोहासाठी मी प्रयोगशाळेपेक्षा एका फांदीवर भरवसा ठेवीन. अर्धा टक्का हिराकशीच्या (फेरस सल्फेटच्या) द्रावणात थोडी चुन्याची निवळी घालून फवारा आणि आठवडा-दहा दिवस बघा. ठिपक्याठिपक्यांनी हिरवी झाली तर लोहच. तसंच बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारलेल्या बागेत पानातल्या तांब्याचा आकडा वाचूच नका.

पानाचं वयही महत्त्वाचं. नत्र, स्फुरद, पालाश जुन्या पानातून नव्याकडे सरकतात. कॅल्शियम जिथल्या तिथे साठत जातं. म्हणजे एकाच फांदीवर जुनं पान कॅल्शियमने श्रीमंत आणि नत्राने गरीब. म्हणून संत्र्याला पाच ते सात महिन्यांचं, फळ नसलेल्या फांदीचं, शेंड्याकडून दुसरं ते चौथं पान घेतात, साधारण छाती-खांद्याच्या उंचीवरचं, चारही दिशांनी. आतल्या सावलीतलं पान पातळ असतं, ते त्यात मिसळायचं नाही.

अहवाल आला की एक गोष्ट नक्की विचारा, प्रमाण कुठलं लावलंय? फ्लोरिडाच्या तक्त्यात संत्रावर्गीय पानात 2.5 ते 2.7 टक्के नत्र योग्य धरतात, पण तिथली जमीन रेताड. आपल्याला नागपूरकडचं प्रमाण जवळचं. आणि मला सगळ्यात खात्रीचं वाटतं ते हे: त्याच बागेतल्या चांगल्या झाडांचा एक आणि आजारी झाडांचा एक, असे दोन नमुने एकाच दिवशी द्या. पाऊस, ऊन, महिना दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे फरक उरतो तो झाडाचा. दोन्ही ठिकाणची माती सोबत दिलीत तर दुधात साखर. पैसे दोन नमुन्यांपुरतेच असतील तर ते असेच खर्चा, बागेच्या सरासरीच्या एका नमुन्यावर नको.

फेब्रुवारी-मार्चच्या पालवीचं पान ऑगस्ट-सप्टेंबरात काढायला येतं, म्हणजे ऐन पावसाळ्यात. दोन-तीन दिवस उघडीप बघा, पानं कोरडी झाल्यावर तोडा, साध्या पाण्याने झटपट धुऊन पुसा (भिजत ठेवलीत तर पालाश पाण्यात उतरतो) आणि कागदी पिशवीत भरा. बटाईदाराला प्लॅस्टिकची पिशवी देऊ नका, इंदुरात पोचेपर्यंत पानं घाम धरून सडायला लागतात.