दिवसभराचा पास, की जितका प्रवास तितके भाडे?

परक्या महानगरात भुयारी रेल्वे आणि बसने फिरायचे ठरले की पहिला निर्णय तिकिटाचा असतो. एकदाच पैसे भरून पास घ्यावा, की गेटवर कार्ड टेकवून जितका प्रवास होईल तितके भाडे द्यावे? मी दोन्ही पद्धतींनी फिरलो आहे आणि दोन्हींच्या बाजूने बोलण्यासारखे आहे.

पास घेतला की खर्च आधीच ठरतो आणि उलट दिशेची गाडी पकडली गेली तरी भाड्याची चिंता नसते. मात्र पास तासांवर मोजला जातो की तारखेवर, हे आधी पाहावे. बर्लिनचे 24 तासांचे तिकीट शिक्का मारल्यापासून मोजतात, तर पॅरिसचा साप्ताहिक नाविगो पास सोमवार ते रविवार असाच चालतो, म्हणजे गुरुवारी पोहोचणाऱ्याच्या वाट्याला चारच दिवस येतात.

माझे मन पासवरून उडाले ते मात्र वेगळ्या कारणाने. पास खिशात असला की तो वसूल करण्याची ओढ लागते आणि जिथे सहज चालत जावे तिथेही पाय स्थानकाकडे वळतात. लंडनमधील लेस्टर स्क्वेअर ते कोव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम 260 मीटर आहे. त्यासाठी खाली उतरायचे, गाडीची वाट पाहायची आणि पुढच्या स्थानकावर लिफ्टसाठी थांबायचे किंवा 193 पायऱ्या चढायच्या, एवढ्या वेळात रस्त्याने चालत निवांत पोहोचता येते, शिवाय वाटेतले शहरही दिसते. ‘आज पासचे पैसे निघाले का?’ हा हिशेब डोक्यात सुरू झाला की फिरण्यातला मोकळेपणा जातो, असा निदान माझा तरी अनुभव आहे.

कार्ड टेकवून फिरताना हा दबाव राहत नाही आणि अनेक शहरांत पासचा फायदाही आपोआप पदरात पडतो. लंडनमध्ये दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे. न्यूयॉर्कमध्ये सात दिवसांत 12 फेऱ्यांचे भाडे भरले की त्या मुदतीतल्या पुढच्या फेऱ्या मोफत होतात. पथ्य एकच, पण ते कसोशीने पाळावे: दिवसभर तेच कार्ड वापरावे. सकाळी प्लास्टिकचे कार्ड आणि दुपारी त्याच खात्याचा फोन टेकवला, तर लंडनची यंत्रणा ते दोन वेगळे प्रवासी धरते आणि मर्यादेचा लाभ हुकतो. तिथे भुयारी रेल्वेतून बाहेर पडतानाही कार्ड टेकवावे लागते, बसमध्ये फक्त चढताना.

मुक्काम शहराबाहेर असेल आणि रोज लांबच्या अनेक फेऱ्या ठरलेल्या असतील, तर पास घेणे चुकीचे म्हणता येणार नाही. बँक परकीय चलनाच्या प्रत्येक व्यवहारावर अधिभार लावत असेल, तर तोही हिशेबात धरावा. बर्लिनमध्ये पाच जणांपर्यंतच्या गटाला एकच तिकीट मिळते, तिथे मीही तेच सुचवीन. एकट्यादुकट्याने, पायी भटकण्याची हौस ठेवून निघालेल्याने मात्र, भाड्याला कमाल मर्यादा असलेल्या शहरात तरी, पासच्या खिडकीशी रांग लावू नये.