रस्टचं 'एचमॅक' पॅकेज: संत्राबागेत एक हंगाम वापरल्यावर

एचमॅक म्हणजे गुप्त चावी वापरून संदेश खरा आहे का हे तपासायची पद्धत, आणि हे तिचं रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतलं तयार पॅकेज. पॅकेज उत्तम, पुढेही तेच ठेवणार. कटकट आहे ती त्याच्या आधारावर उभ्या असलेल्या लायब्रऱ्यांची.

वरुड तालुक्यातल्या बागांमधले ओलाव्याचे सेन्सर आणि मोटरचे स्टार्टर जीएसएमवरून (मोबाइल नेटवर्कवरून) आमच्या सर्व्हरशी बोलतात. आंबिया बहाराची फुलं यावीत म्हणून बाग ताणावर सोडलेली, म्हणजे पाणी तोडलेलं असताना कुणी खोटा 'मोटर चालू' पाठवला, तर ताण मोडला म्हणून समजा. म्हणून प्रत्येक संदेशामागे एचमॅक-शा२५६ चा टॅग, म्हणजे चावी आणि संदेश मिळून शा२५६ या हॅश फंक्शनने काढलेला ठसा. पद्धत १९९७ च्या आरएफसी २१०४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातली, अजून ठणठणीत. पूर्ण टॅग ३२ बाइटचा. आम्ही १६ च पाठवतो. निम्म्याच्या खाली जाऊ नका असं आरएफसी सांगतं, आणि कापलेला टॅग तपासायची सोय पॅकेजात आहे. तुलनाही अशी की किती बाइट जुळले हे वेळेवरून ताडता येत नाही. जुनाच संदेश कुणी पुन्हा पाठवला तर मात्र एचमॅक काही करू शकत नाही. त्यासाठी संदेशात चढता क्रमांक घातलाय.

रस्टचं पॅकेज सांभाळणारं साधन म्हणजे कार्गो. त्याच्या 'कार्गो ट्री' या कमांडला उलटं विचारलं की हे पॅकेज कोणाकोणाला लागतं, तर यादी निघाली. पोस्टग्रेस डेटाबेसचा ड्रायव्हर पासवर्डच्या 'स्क्रॅम' पद्धतीच्या पडताळणीसाठी वापरतो, लॉगिनच्या कुकीची लायब्ररी कुकीवर सही करायला वापरते, एका चावीतून दुसऱ्या चाव्या काढणारं एचकेडीएफ तर उभंच त्यावर आहे. म्हणजे एकाची आवृत्ती हलली की सगळ्यांकडे बघावं लागतं. एचमॅक ०.१२ ला 'डायजेस्ट' हे हॅशचं सामायिक पॅकेज ०.१० लागतं, म्हणून शा२५६ देणारं 'शा२' पॅकेज पण ०.१० चंच हवं. शा२ ०.९ राहिलं की कंपायलर ट्रेट बाउंडच्या (टाइपवर घातलेल्या अटींच्या) नावानं पानभर ओरडतो, आणि 'आवृत्ती जुळत नाही' एवढं साधं वाक्य त्यात शोधून सापडत नाही. एखादी लायब्ररी एचमॅक ०.११ वरच अडली असेल तर दोन्ही आवृत्त्या सुखानं बिल्ड होतात. भांडण होतं एकीचा टाइप दुसरीला दिल्यावर.

खरा गुण कापावा असं एकच. एचमॅकला कितीही लांबीची चावी चालते, शून्य बाइटचीसुद्धा. सर्व्हरवर चावीचं व्हेरिएबल रिकामं राहिलं तरी हूं की चूं नाही, टॅग बनत राहतात. चावी घेणारं फंक्शन 'रिझल्ट' (यश किंवा चूक सांगणारा टाइप) परत करतं, त्यामुळे वाटतं की चूक पकडली जाईल. तिथे पकडायला काही नसतंच. चावी ३२ बाइटपेक्षा लहान असेल तर सर्व्हर सुरूच होऊ नये, ही अट आम्ही स्वतः लिहिली. तुम्हीही लिहा.

वेगाबद्दल बोलण्यासारखं काही नाही. बागवाल्या काकांचं मत विचारलं तर, "मोटर माया मोबाइलनंच चालू होते ना? मंग झालं."

गावात नेटचा भरवसा नाही, म्हणून सगळी पॅकेजं 'कार्गो व्हेंडर' कमांडने उतरवून प्रोजेक्टातच ठेवली आहेत. बहार फुटेपर्यंत लॉक फाइलला (पॅकेजांच्या आवृत्त्या पक्क्या ठेवणाऱ्या फाइलला) हात लावायचा नाही, असं आमच्यात ठरलंय.