हातात धरून तारे पाहायचे तर १०×५०च्या पुढे जाऊ नका

बायनॉक्युलरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा विवर्धनाचा असतो आणि नवखा माणूस फसतो तो तिथेच. दुर्बीण ताऱ्याबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढवते. सातपटीला तारा जरासा डुलतो, दहापटीला थरथरतो, पंधरापटीला त्याची वेडीवाकडी रेघ होते. म्हणून इथे तोलली आहेत ती ७×५०, ८×४२, १०×५० ही हातात पेलणारी मापं, आणि ज्या मापाचा मोह हमखास पडतो ते १५×७०.

पहिला आकडा पट, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की नेत्रिकेतून (डोळ्याकडच्या भिंगातून) बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी, म्हणजे एक्झिट प्युपिल मिळतं. १०×५०ला ते ५ मिमी, ८×४२ला ५.२५ आणि ७×५०ला ७.१. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली ७ मिमीच्या आसपास उघडते, वय वाढतं तशी कमी. तुमची बाहुली साडेपाच मिमीच उघडत असेल तर उरलेला झोत बुबुळावर सांडतो आणि किलोभर वजन पेलून हाती येते ती जेमतेम ७×३८. शिवाय आसपास दिव्यांचा उजेड असला तर ७×५०मधून आकाश राखाडी दिसतं; १०×५०मध्ये तेच बरंच काळं होतं आणि फिकट तारे वर येतात. खरा काळोख आणि तरुण डोळे असतील तर मात्र ७×५०सारखं निवांत दृश्य दुसरं नाही.

आमची पसंती १०×५०लाच, पण क्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारं आकाश, बघून. याच मापात काही दुर्बिणी ५ अंश आकाश दाखवतात, काही ६.५. खोक्यावर अंश नसतील तर '१००० मीटरवर ११४ मीटर' असं काही लिहिलेलं असतं, त्याला १७.५ने भागा, अंश मिळतात. ६.५ अंशांत कृत्तिकांचा पुंजका भोवतीच्या काळ्या आकाशासकट मावतो, रोहिणीजवळचा ताऱ्यांचा 'व्ही' जवळपास काठोकाठ बसतो आणि नवख्याला नेम धरणं सोपं जातं. देवयानी दीर्घिकेचा लांबट धुरकट डाग, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, चंद्रावरची विवरं, हात टेकलेला असेल तर गुरूचे चार उपग्रह, एवढं सगळं यात मिळतं. शनीची कडी मिळत नाहीत. त्यासाठी २५ पटींच्या पुढे जावं लागतं, आणि तिथे हाताचं काम संपतं.

हात कापरा असेल किंवा मनगट दुखतं म्हणून दुर्बीण कपाटातच राहणार असेल, तर ८×४२ घ्या. वजन साधारण ६५० ते ७५० ग्रॅम, दिवसा पक्षी बघायलाही उत्तम. प्रकाश थोडा कमी, पण स्थिर दिसलेलं आठपट थरथरणाऱ्या दहापटीपेक्षा जास्त तारे दाखवतं.

चष्मेवाल्यांनी आय रिलीफचा, म्हणजे नेत्रिकेपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण क्षेत्र दिसतं त्याचा, आकडा आधी वाचावा. निकॉनच्याच दोन १०×५० शेजारी ठेवा: ॲक्युलॉन ए२११ आणि ॲक्शन ईएक्स. दोघींचं क्षेत्र ६.५ अंश. पण पहिलीचा आय रिलीफ ११.८ मिमी, दुसरीचा १७.२. चष्मा लावून पहिलीतून पाहिलं की क्षेत्राची कड कापली जाते, जणू भोकातून बघतोय. दुसरीत कड पूर्ण दिसते. बदल्यात ॲक्शन ईएक्स शंभरेक ग्रॅम जड. नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढूनही चालतं, तो फरक फोकसचं चाक भरून काढतं. मात्र मोठा उणे नंबर असेल तर चाक अनंताच्या पुढे तेवढं फिरतं का, ते तपासा. सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा हवाच, नाहीतर ताऱ्याला शेपट्या फुटतात. शेपट्या दुर्बिणीच्या की डोळ्याच्या, हे ओळखायला दुर्बीण न फिरवता डोकं कलतं करा: शेपट्या डोक्याबरोबर फिरल्या तर दोष डोळ्याचा.

आता हातातल्या नगाची तपासणी, कारण एकाच मॉडेलचे दोन नगही सारखे नसतात. दुर्बीण उजेडाकडे रोखून हातभर लांब धरा आणि नेत्रिकेतला उजेडाचा ठिपका पाहा. तो स्वच्छ गोल हवा. कडा करड्या पडून चौकोनी झाला असेल तर आतल्या प्रिझमची काच बीके७ या साध्या प्रतीची आहे, बीएके४ या चांगल्या प्रतीची नाही. मग पुढच्या भिंगात दिव्याचं प्रतिबिंब बघा: हिरवट-जांभळी, मंद प्रतिबिंबं म्हणजे कोटिंग (प्रतिबिंब कमी करणारा लेप) आहे, एखादं लख्ख पांढरं दिसलं तर तेवढा पृष्ठभाग कोरा, आणि कोरी काच प्रत्येक पृष्ठभागाला सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते. लालभडक 'रूबी' भिंगं तर रात्रीसाठी निरुपयोगीच.

घरी आणल्यावर आणखी एक: फोकस अनंतावर ठेवा, मोबाइलचा टॉर्च नेत्रिकेच्या किंचित मागे धरा आणि पुढच्या भिंगाला लागूनच धरलेल्या कागदावर उमटलेला गोल मोजा. ५०ऐवजी ४२-४३ मिमी भरला तर आत कुठेतरी प्रकाश कापला जातोय. स्वस्त दुर्बिणींत हे सर्रास दिसतं.

सगळ्यात त्रासदायक दोष दोन नळ्या समांतर नसण्याचा. तेजस्वी तारा फोकस करा आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दहा-पंधरा सेंटीमीटर दूर न्या. तारा एकाचे दोन झाला तर नग परत करा. थोडासा दोष मेंदू सांभाळून घेतो, पण दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागतं. प्रिझमचे स्क्रू रबराखाली असतात. ते स्वतः पिळू नका, हमी जाते आणि दोष बहुधा वाढतो. मोठ्या आणि स्वस्त १५×७०मध्ये हे जास्त आढळतं, कारण प्रिझम जड आणि बसवण मात्र नाजूक. तिचं क्षेत्रही ४.४ अंशांच्या आसपास आणि वजन सव्वा-दीड किलो. ट्रायपॉडवर ती छान चालते, हातात नाही. झूम आणि फिक्स्ड फोकसवाल्यांबद्दल एवढंच: नको.

फोकस लावताना उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला तारा टोकदार करा. मग डावं झाकून उजव्या नेत्रिकेचं कडं फिरवा, चाकाला हात न लावता. कड्यावरचा आकडा लक्षात ठेवा, कारण पिशवीत घासून ते सरकतंच. क्षेत्राच्या कडेला तारे फिसकटलेले दिसतील; बाहेरच्या एक तृतीयांशापर्यंत ते या वर्गात चालायचंच. मध्यभागीही तारा ठिपका होत नसेल तर मात्र नाही.

धरताना हात नेत्रिकेशी नको, पुढे भिंगांकडे सरकवा. कोपरं छातीला टेकवा किंवा कलत्या खुर्चीत पडून खुर्चीच्या हातांवर ठेवा. कंप निम्म्याने तरी कमी वाटेल. ट्रायपॉडचा विचार असेल तर घेतानाच दोन नळ्यांमधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाची टोपी उघडून बघा. आत पाव इंची आटे हवेत, त्यात दुर्बीण ट्रायपॉडला जोडणारा एल-ब्रॅकेट बसतो. काही दुर्बिणींत टोपी असते, आत आटे नसतात.