१९८८ ची बाटली

फ्रान्समधल्या ल्योंमध्ये राहायला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. इथल्या लोकांची एक हौस मला फार आवडते: माणसाच्या जन्मसालची वाइन शोधून ती वाढदिवसाला उघडायची. नवरा १९८८ चा. पस्तिशीला त्याला अशी बाटली द्यायचीच, असं मी ठरवलं आणि २९० युरो घालवून बसले. उन्हाळ्यात आपली बरीच मंडळी प्रोव्हान्सला येतात आणि जुन्या बाजारांत रमतात, म्हणून झालेली शोभा सांगून टाकते.

आव्हिन्योंजवळच्या एका गावात रविवारी जुना बाजार भरतो. तांब्याची पातेली, लेसचे पडदे, कुणाच्या तरी आजीचे कप. एका टेबलावर धूळ बसलेल्या दहा-बारा बाटल्या होत्या आणि मागे सत्तरीचे एक गृहस्थ. बोलणं मोठं अदबीचं. वडिलांचं तळघर रिकामं करतोय म्हणाले. त्यात बोकास्तेलची एक बाटली दिसली आणि माझे पाय थबकले.

शातो द बोकास्तेल म्हणजे शातोनफ द्यु पाप या वाइनच्या गावातलं जुनं वाइनचं घराणं, १९०९ पासून एकाच कुटुंबाच्या हातात. जमिनीवर नुसते गोल गोटे. ते दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. त्यांच्या लाल वाइनमध्ये तेरा जातींची द्राक्षं असतात, त्यातल्या मूर्वेद्रमुळे तिला अंग येतं. कातडं, काळे ऑलिव्ह, थोडासा गोठ्याचा वास. (पहिल्यांदा प्यायले तेव्हा नाक मुरडलं होतं, आता तोच वास शोधत असते.) त्यांची सगळ्यात मानाची वाइन 'ओमाज आ झाक पेरँ'. घरातल्या कर्त्या माणसाच्या स्मरणार्थ काढलेली, बहुतांश मूर्वेद्रची, तीही फक्त चांगल्या सालांत. खरी घ्यायची तर खिसा चांगलाच हलका होतो.

मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "१९८८ ची ओमाज आहे का हो?"

गाढवपणा झाला तो इथेच. त्यांनी माझ्याकडे दोन क्षण पाहिलं आणि म्हणाले, "बघावं लागेल, मॅडम. नंबर देऊन ठेवा." शुक्रवारी फोन आला: सापडली! ४०० ची २९० ला, पण रोख, कारण भावाबहिणींत वाटणी व्हायचीय. रविवारी मी पुन्हा दोन तास ट्रेनमध्ये. बाटली हातात घेतली, काचेवर पोपचा मुकुट आणि किल्ल्या, म्हणजे शातोनफच्या बाटल्यांची खूण, उठावात होत्या. काच कोण घरी बनवणार, असं म्हणून मी निर्धास्त झाले. पावती मागितली तर वहीचा कागद फाडून दिला, त्यावर आकडा होता, नाव नव्हतं.

वाढदिवसाला खालच्या मजल्यावरच्या बाईंना बोलावलं. त्यांची उभी हयात वाइनच्या दुकानात गेलेली. बूच एका दमात, पुक् करून निघालं. पस्तीस वर्षांचं बूच भुसभुशीत व्हायला हवं, हे तर कालच्या ब्रेडसारखं गुबगुबीत, खाली जेमतेम लालसर टिकली. ग्लासात ओतली तर रंग जांभळाचा. जुनी वाइन कडेला विटकरी होते, तळाशी गाळ धरते. इथे शेवटचा थेंबही स्वच्छ. चवीला जॅममध्ये पाणी घातल्यासारखी.

बाईंनी बूच फिरवून फिरवून पाहिलं. "यावर शातोचं नाव नाही, साल नाही," म्हणाल्या. मग लेबल वाचलं आणि त्यांना हसूच आवरेना. "अगं, ओमाज पहिल्यांदा निघाली १९८९ ला. तुझ्या नवऱ्यापेक्षा एक वर्षानं धाकटी आहे ती!"

म्हणजे मी बाजारात नसलेल्या मालाची ऑर्डर दिली होती आणि त्यांनी ती इमानेइतबारे पुरी केली होती. मोठमोठे फसलेत, असं बाईंनी समजावलं. २००८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात बर्गंडीतल्या पोंसो या वाइनच्या घराण्याची १९४५ पासूनच्या सालांची 'क्लो सँ-दनी' नावाची वाइन आली होती. त्या घराण्याचे लोराँ पोंसो स्वतः तिथे जाऊन थडकले, कारण त्यांच्या घरात ती वाइन बनायलाच लागली १९८२ पासून. त्या बाटल्या पुरवणाऱ्या रूडी कुर्नियावानला पुढे २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. माझे गृहस्थ मात्र मोकळेच राहिले. फोन बंद, टेबलाच्या जागी आता मधवाला बसतो. पोलिसांत तक्रार दिली, पण रोखीचा पुरावा काय दाखवणार? वहीचा कागद?

आता मी आधी ते साल मुळात निघालं होतं का ते पाहते, आणि मला कोणतं हवंय ते विक्रेत्याला सांगत नाही. उठावाच्या काचेवरही माझी भिस्त राहिलेली नाही. नामी वाइनच्या रिकाम्या बाटल्या 'शोभेसाठी' म्हणून सर्रास विकत मिळतात.

दुसऱ्या दिवशी बाटली गरम पाण्यात बुडवली. अर्ध्या मिनिटात लेबल सुटून वर तरंगलं, शाई सिंकभर पसरली. खाली आधीच्या लेबलाच्या डिंकाचा चौकोन होता, आकारानं बराच लहान. मग काच-कुंडीत टाकण्याआधी अंगणात नेली आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून हातोडीनं फोडली.